बाह्यवळणाच्या काठी वसलेले नगर

(ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील महामार्गांविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

ठाणे शहराच्या उत्तरेस माजिवडे नावाचे एक जुने गाव आहे. आज हे नाव ऐकले की गावाआधी तेथील चौकच डोळ्यांसमोर उभा राहतो. मुंबईहून शीवमार्गे येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग येथे पोहोचतो आणि पुढे नाशिककडे, त्याही पुढे आग्र्याकडे निघतो. याच परिसरातून घोडबंदरचा रस्ता फुटतो व एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी असा जात जात अहमदाबादच्या महामार्गास मिळतो. पुण्याच्या बाजूने पनवेल, शीळफाटा, मुंब्रा अशी येणारी वाहनेही अखेर याच पट्ट्यात दाखल होतात. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या अनुसूचीत चौथ्या क्रमांकाच्या महामार्गाचे, म्हणजे पुणे, बेळगाव, बंगळूरमार्गे मद्रासला जाणाऱ्या रस्त्याचे, वर्णन केलेले होते. त्या वर्णनानुसार या महामार्गाचा आरंभ ठाण्याजवळ, तिसऱ्या क्रमांकाच्या मुंबई-आग्रा महामार्गापासून होत असे. २०१० मध्ये देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. चालक मात्र अजूनही 'आग्रा रोड' आणि 'जुना पुणे रस्ता' असेच म्हणतात, आणि त्यांचे काही अडत नाही.

देशाच्या तीन दिशांस जाणारे रस्ते या एवढ्याशा टापूतच का एकवटावेत, याचे उत्तर भूगोलात आहे. मुंबई व ठाणे ज्या साष्टी बेटावर वसली, त्या बेटाच्या मध्यभागी येऊरचे डोंगर आहेत. पूर्वेस खाडी, आणि खाडीपलीकडे पारसिकची डोंगररांग. उल्हास नदी कल्याणहून वळसे घेत येते आणि ठाण्याच्या उत्तरेने वसईच्या खाडीस मिळते. साहजिकच बेटाबाहेर पडावयाचे तर एक तर पाणी ओलांडावे लागते, नाही तर डोंगराला बगल द्यावी लागते; आणि अशा जागा मोजक्याच आहेत. रस्ता बांधणाऱ्याला येथे निवड करण्यास फारसा वाव निसर्गाने ठेवलेला नाही.

ही वाट मुळातच वर्दळीची. सातवाहनांच्या काळात कल्याण हे बंदर होते आणि तेथे उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नर व पैठणकडे जात असे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि खाडीकाठी दुर्गाडीचा किल्ला उभा राहिला. १८३० मध्ये बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ लागली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे थळघाट चढावयास गेला, दुसरा कर्जतकडे बोरघाट चढावयास. नकाशा पाहिला तर पुढे मोठ्या रस्त्यांनीही जवळजवळ याच दिशा धरलेल्या दिसतात.

पण लोहमार्ग आणि रस्ता यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे व या व्याख्यानाचा मुख्य विषय तोच आहे. आगगाडी वाटेल तेथे थांबत नाही. ती स्थानकावरच थांबते. म्हणून नगर स्थानकाभोवती गोळा झाले. डोंबिवली हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील बाजारपेठ, शाळा, दवाखाने, वाचनालये ही सारी स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरात वाढली, आणि गावाचे 'पूर्व' व 'पश्चिम' असे दोन भागही लोहमार्गानेच पाडले. रस्त्याचे तसे नाही. रस्त्यावर वाहन कोठेही थांबू शकते, कोठूनही आत शिरू शकते. म्हणून रस्त्यालगतची प्रत्येक जागा ही दुकानाची, टपरीची, गोदामाची, गृहसंकुलाची संभाव्य जागा ठरते. लोहमार्गाला कुंपण असते. महामार्गाला बहुतेक ठिकाणी ते नव्हते. या एका गोष्टीतून पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

मुंबई-आग्रा रस्ता पूर्वी कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या वस्त्यांमधून ठाण्यास येई. आज त्याला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंस कारखाने आले, चाळी आल्या, दुकाने आली आणि लांब पल्ल्याच्या वाहनांना वाट मिळेनाशी झाली. तेव्हा वस्तीबाहेरून, मिठागरांच्या कडेकडेने, नवा द्रुतगती महामार्ग काढण्यात आला. त्या काळच्या दृष्टीने ते बाह्यवळणच होते. गाव एका बाजूला राहील आणि वाहने दुसऱ्या बाजूने सुसाट जातील, ही अपेक्षा होती.

काही वर्षे ती खरीही ठरली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट राज्यातील औद्योगिक वसाहतींची अग्रणी ठरली. महामार्गावरील चौकांना कारखान्यांची नावे पडली: नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाइज. कामगार आले, त्यांच्यासाठी घरे आली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जुनी ठाणे नगरपालिका व आजूबाजूची गावे मिळून महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०३,३८९ होती. २०११ मध्ये ती १८,४१,४८८ झाली. वीस वर्षांत नगर दुपटीहून अधिक वाढले, आणि त्यातील मोठा भाग महामार्गापलीकडच्या बाजूस वाढला. जो रस्ता गावाच्या कडेने काढला होता, तो गावाच्या मध्यभागी येऊन पडला. आता मूल शाळेत पोहोचवावयाचे असो की स्थानकावर गाडी गाठावयाची असो, हा महामार्ग ओलांडल्यावाचून ठाणेकराचा दिवस सुरू होत नाही. उड्डाणपूल झाले, त्यांच्याखालच्या चौकांत मात्र गर्दी तशीच राहिली. कोपरीच्या रेल्वेपुलाशी तर रुंद महामार्ग घड्याच्या तोंडासारखा आवळला जात असे; तो पूल रुंद होण्यास २०२३ साल उजाडले.

दुसरे बाह्यवळण खाडीपलीकडचे. माजिवड्याहून बाळकुम, कशेळी, काल्हेर, पूर्णा असा जाणारा जुना रस्ता भिवंडीच्या दाट वस्तीत शिरे. मागे आणि पुढे ट्रक, मध्ये यंत्रमागांचे गाव, असा तो प्रकार होता. तो टाळण्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात खारेगाव, मानकोली, रांजणोली असा नवा मार्ग झाला. तो खाजगी भांडवलातून बांधून पथकरातून खर्च वसूल करण्याच्या पद्धतीने झाला. खारेगावचा टोलनाका २०१७ मध्ये बंद झाला. मार्ग झाला तेव्हा दोन्ही बाजूंस भातशेती व खाजण होते. हे चित्र पालटण्यास फार काळ लागला नाही.

याची कारणे दोन. मुंबईत येणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होती. म्हणून जो माल मुंबईत खपावयाचा नाही, किंवा थोडाथोडा करून आत न्यावयाचा आहे, तो हद्दीबाहेर साठवून ठेवणे व्यापाऱ्यास सोयीचे पडे. खाडीपलीकडची गावे त्यासाठी अगदी मोक्याची. दुसरे कारण उरण तालुक्यातील न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर. ते १९८९ मध्ये सुरू झाले आणि कंटेनर वाहणारे लांबलचक ट्रक कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा या वाटेने उत्तरेस निघाले. काही नाशिककडे, काही भिवंडीच्या गोदामांत, तर काही घोडबंदरमार्गे गुजरातकडे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, मानकोली, सोनाळे या गावांच्या शिवारांत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. शेतकऱ्याला भातापेक्षा भाड्याचे उत्पन्न कितीतरी अधिक आणि ग्रामपंचायतीला घरपट्टी. त्यात कोणी नवल करावे असे काही नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट ती अधिक मोठी झाली. ज्या कारणाने वसाहत वसते ते कारण नाहीसे झाले तरी वसाहत उठून जात नाही.

तिसरे बाह्यवळण मुंब्र्याचे. जुना पुणे रस्ता कळवा, मुंब्रा, कौसा या वस्त्यांतून जात असल्यामुळे पारसिकच्या उतारावरून डोंगर कोरून एक मार्ग काढण्यात आला. त्याची लांबी थोडीच, पण त्याचे मोल किती हे २०१८ मध्ये कळून चुकले. दुरुस्तीसाठी हा मार्ग त्या वर्षी मे महिन्यात बंद करण्यात आला, तो सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात बंदराकडून येणारे ट्रक ऐरोली, कल्याण, भिवंडी अशा निरनिराळ्या वाटांनी वळवावे लागले. परिणाम एका गावापुरता राहिला नाही. ऐरोलीच्या पुलावर रांगा, कल्याणच्या पुलावर रांगा, मुलुंडच्या वेशीवर रांगा. मुंब्र्याच्या डोंगरावरील काही किलोमीटर रस्ता दुरुस्त होत होता, आणि तिकडे ज्यांना मुंब्र्यास कधी जावे लागत नाही असे लोक दोन दोन तास उशिरा घरी पोहोचत होते. या परिसरातील सारे रस्ते आतून कसे एकमेकांस जोडलेले आहेत याचे इतके स्पष्ट प्रात्यक्षिक क्वचितच घडते.

कल्याण-डोंबिवलीची कहाणी थोडी निराळी आहे. ही महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली आणि २०११ मध्ये तिची लोकसंख्या १२,४७,३२७ होती.  तिच्या वाट्याला आला तो भिवंडी-कल्याण-शीळफाटा हा रस्ता. रांजणोलीस तो नाशिक महामार्गापासून सुटतो, कोनगावावरून दुर्गाडीशी खाडी ओलांडतो, पत्रीपुलावरून लोहमार्ग ओलांडतो, आणि मानपाडा, काटई, निळजे, खिडकाळी करीत शीळफाट्यास जुन्या पुणे रस्त्यास मिळतो. (मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत, एक येथे आणि एक घोडबंदर रस्त्यावर, नवख्या माणसाने पत्ता विचारताना हे ध्यानी ठेवलेले बरे. 'पाडा' हा शब्दच सांगतो की येथे मूळची वस्ती लहान लहान पाड्यांची होती.) कागदोपत्री हा दोन महामार्गांना जोडणारा राज्य मार्ग. व्यवहारात मात्र तो दोन महामार्गांचा ट्रक, औद्योगिक वसाहतीतील कामगार, नव्या गृहसंकुलांतील मोटारी आणि जुन्या आगरी गावांतील दुचाक्या या सर्वांचा एकच रस्ता झाला.

अशा रस्त्यावर एक पूल बंद पडला तर काय होते, हे पत्रीपुलाने दाखविले. १९१४ साली बांधलेला हा पूल धोकादायक ठरल्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. खाली मध्य रेल्वेच्या गाड्यांची अखंड ये-जा असल्यामुळे नवा पूल बसविणे सोपे नव्हते. सत्तर मीटरांहून अधिक लांबीची पोलादी तुळई नोव्हेंबर २०२० मध्ये, रेल्वेने दिलेल्या मोजक्या तासांच्या अवधीत, इंच-इंच पुढे सरकवावी लागली. २५ जानेवारी २०२१ रोजी पूल खुला झाला. मधली दोन वर्षे शेजारच्या दुपदरी पुलावरून सारी वाहतूक चालली आणि कल्याणची कोंडी वर्तमानपत्रांचा नित्याचा विषय झाली. अभियंत्यांचे कौशल्य निर्विवाद होते. परंतु एवढ्या मोठ्या नगराची दक्षिणोत्तर वाहतूक शंभर वर्षांपूर्वीच्या एका पुलावर अवलंबून राहिली होती, हा मुद्दा त्यामुळे झाकला जात नाही. डोंबिवलीहून ठाण्यास रस्त्याने जावयाचे तर पूर्वी कल्याण-भिवंडीचा किंवा शीळ-मुंब्र्याचा मोठा वळसा पडे. २०२४ मध्ये मोटागाव-मानकोली पूल वाहतुकीस खुला झाल्यावर खाडीपलीकडचा नाशिक महामार्ग डोंबिवलीकरांच्या हाताशी आला. ही सोय मोठी आहे. तिच्यामुळे डोंबिवलीची रोजची वाहतूक आता मानकोलीच्या चौकात, बंदराच्या ट्रकांच्या शेजारी येऊन उभी राहते, हीही तिची दुसरी बाजू होय.

येथे महामार्गाच्या शास्त्रातील एक साधी गोष्ट समजून घेतली पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींना ती वर्गात सांगता येईल. रस्त्यावरील सर्व वाहने सारखी जागा घेत नाहीत. म्हणून भारतीय रस्ते काँग्रेसने मोटारीला एक मानून इतरांचे भार ठरविले आहेत. ग्रामीण रस्त्यांसाठी दुचाकीचा भार अर्धा, बस किंवा ट्रकचा तीन, जोड-ट्रकचा साडेचार, आणि बैलगाडीचा तब्बल आठ. बैलगाडी आकाराने ट्रकहून लहान, मग तिचा भार इतका का? कारण ती सावकाश चालते आणि मागच्या सर्वांचा वेग खाली ओढते. म्हणजे रस्ता अडतो तो केवळ वाहनांच्या संख्येने नव्हे, तर वेगांच्या भेसळीने अडतो. बैलगाड्या या परिसरातून जवळजवळ गेल्या. पण प्रवासी घेण्यासाठी मध्येच थांबणारी रिक्षा, गोदामात वळण्यासाठी तीन मार्गिका आडवी होणारी कंटेनरगाडी आणि उलट्या दिशेने येणारी दुचाकी ही त्यांच्या जागी आली आहेत. रस्ता चौपदरीचा आठपदरी केला तरी ही भेसळ कायम राहिली, तर वाढविलेल्या मार्गिकांचा लाभ पुढच्या चौकापर्यंतच टिकतो.

आणि पायी चालणारा? त्याचा भार कोणत्याच तक्त्यात धरलेला नाही. हिशेब करून पाहावा. एका मार्गिकेची रुंदी साडेतीन मीटर. आठपदरी महामार्गाची एक बाजू झाली चौदा मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे सव्वा मीटर चालतो, म्हणजे दुभाजकापर्यंत पोहोचण्यास त्यास अकरा-बारा सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे १९० मीटर अंतर कापते. ताशी ८० किलोमीटर वेग असेल तर २५० मीटर. म्हणजे पाव किलोमीटरवरील वाहन पाहून माणसाने ठरवावयाचे की निघावे किंवा थांबावे. तेही रात्री, पावसात, हातात पिशवी व कडेवर मूल असताना. म्हातारा माणूस याहून सावकाश चालतो. रस्ता रुंद केला की हा हिशेब दर खेपेस पादचाऱ्याच्या विरुद्ध जातो. पादचारी पूल बांधले जातात. पण तीस-चाळीस पायऱ्या चढून उतरण्यापेक्षा दुभाजकाच्या फटीतून जाणे लोक पसंत करतात, आणि त्याबद्दल त्यांना बेशिस्त म्हणून मोकळे होण्याची प्रथा आहे. जेथे जुन्या गावाची वाट, शाळेची वाट किंवा बसथांबा आहे त्याच जागी, सपाटीवरून जाणारा भुयारी मार्ग मिळाला तर तेच लोक शिस्तीने जातात. जागा चुकली की पूल ओस पडतो आणि दुभाजक तुटतो.

आता कायद्याकडे वळू. पंचायत सदस्यांच्या दृष्टीने हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. महामार्गाच्या कडेला वाटेल तशी बांधकामे होऊ नयेत म्हणून १९५५ सालीच मुंबई महामार्ग अधिनियम करण्यात आला. त्यात दोन रेषांची कल्पना आहे. पहिली इमारत रेषा. तिच्या आत, म्हणजे रस्त्याच्या बाजूस, बांधकाम करावयाचे नाही. दुसरी नियंत्रण रेषा. ती आणखी बाहेर असते आणि दोन्हींमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. मोकळ्या भागातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी भारतीय रस्ते काँग्रेसने सुचविलेली अंतरे मध्यरेषेपासून प्रत्येक बाजूस अनुक्रमे ४० व ७५ मीटर अशी आहेत. हेतू असा की पुढे रस्ता रुंद करावा लागला, कडेने सेवा रस्ता काढावा लागला, तर घरे-दुकाने पाडण्याची वेळ येऊ नये. राष्ट्रीय महामार्गासाठी मुळात ताब्यात घेतलेली जमीन साधारणपणे ४५ मीटर रुंदीची असे. म्हणजे खरे संरक्षण त्या जमिनीच्या पलीकडील मोकळ्या पट्ट्यात आहे, आणि तो पट्टा खाजगी मालकीचा असतो. तो मोकळा ठेवणे हे स्थानिक सत्तेच्या दक्षतेवरच अवलंबून असते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात हे घडले नाही, आणि त्यास कोणा एकाला दोष देऊन भागणार नाही. गावे ग्रामपंचायतींची, महामार्ग केंद्राचा किंवा राज्याचा, नियोजन तिसऱ्याच यंत्रणेचे. शेतकरी अकृषिक परवानगीसाठी तालुक्याला खेटे घालतो. कंटाळून बांधकाम उरकून टाकतो. मग ग्रामपंचायत कर आकारते, नमुना आठमध्ये नोंद होते, आणि मालक समजतो की आपले काम कायदेशीर झाले. वास्तविक कर आकारणीची नोंद म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. हा गैरसमज या परिसरात फार महागात पडला आहे. भिवंडीभोवतीच्या गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले ते २००७ मध्ये; तोवर गोदामांच्या रांगा उभ्या राहून गेल्या होत्या. त्यानंतर रस्ता रुंद करावयाचा म्हणजे मोजणी, नोटिसा, मोबदल्याचे वाद आणि न्यायालय ही मालिका ठरलेली. ज्याची जमीन जाते तो मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहतो, आणि तोपर्यंत अर्धवट रुंद झालेला रस्ता त्याच्याच दाराशी अपघात घडवितो. शेवटी त्याला मिळणारा मोबदला ही उपकाराची बाब नसून तो त्याचा हक्क आहे, हे काम सुरू होण्याआधी ध्यानात घेतले तर बराच कालापव्यय टळतो.

यंत्रणांच्या विभागणीचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. एकाच रस्त्याची मुख्य मार्गिका एका विभागाकडे, सेवा रस्ता महापालिकेकडे, उड्डाणपूल तिसऱ्या प्राधिकरणाकडे, वरून जाणाऱ्या मेट्रोचे खांब चौथ्याकडे आणि वाहतूक नियंत्रण पोलिसांकडे, अशी स्थिती घोडबंदर रस्त्यावर दीर्घकाळ राहिली. पावसाळ्यात खड्डा पडला की तो कोणाच्या हद्दीत हे ठरेपर्यंत तो मोठा होतो. नागरिकाला हद्दी दिसत नाहीत. त्याला खड्डा दिसतो. अवजड वाहनांना दिवसाच्या ठरावीक तासांत बंदी घालणे हा पोलिसांच्या हातातील एक उपाय आहे व त्याचा गुण येतोही. पण बंदी उठताच थांबविलेले सारे ट्रक एकदम निघतात, आणि ते तोवर थांबतात कोठे, तर महामार्गाच्याच कडेला. ट्रकतळाची जागा ठेवल्यावाचून हा उपाय अर्धाच राहतो. वडपे ते माजिवडे या सुमारे २४ किलोमीटरांच्या टप्प्याचे रुंदीकरण हाती घेताना दोन्ही बाजूंस सेवा रस्ते धरले गेले, हे योग्य झाले. लांबची वाहने मधून आणि गावची वाहने कडेने, ही व्यवस्था चाळीस वर्षांपूर्वी आखली असती तर तिचा खर्च कितीतरी कमी झाला असता.

या अनुभवाची कसोटी आता कल्याण-भिवंडीच्या थोडे उत्तरेस लागणार आहे. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथे येऊन संपतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला होता, आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. या महामार्गाला कुंपण आहे आणि प्रवेशाच्या जागा ठरलेल्या आहेत. अर्थात जुन्या रस्त्यांची मुख्य उणीव येथे मुळातच टाळली आहे. परंतु कुंपण आमण्यापर्यंतच. विदर्भातून काही तासांत आलेला ट्रक तेथे कुंपणाबाहेर पडतो आणि जुन्या नाशिक महामार्गावरील स्थानिक गर्दीत मिसळतो. म्हणून खरी परीक्षा त्या अखेरच्या तोंडाशी, आमणे, वडपे, पडघे या पंचक्रोशीतील जोडरस्त्यांवर आहे. जी ओढ तीस वर्षांपूर्वी मानकोलीस लागली होती तीच आता या गावांच्या शिवारांस लागलेली आहे: जमिनीचे भाव, दलालांच्या फेऱ्या, ढाब्यांच्या पाट्या, रातोरात पडणारे मातीचे भराव. भरावामुळे ओढे बुजतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर किंवा शेजारच्या भातशेतात शिरते, हेही मानकोली-काल्हेरच्या बाजूस पाहावयास मिळाले आहे.

या गावांतील ग्रामपंचायतींपुढे ना हरकत दाखल्याचा अर्ज येईल तेव्हा तीन कागद अवश्य मागावेत: रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचे अंतर दाखविणारा मोजणी नकाशा, महामार्गाच्या यंत्रणेचे जोडरस्त्याविषयीचे लेखी मत, आणि ओढ्यानाल्याचा मूळ प्रवाह दाखविणारा गावनकाशा. महामार्गावर थेट उघडणारे फाटक मागणाऱ्यास सेवा रस्त्याकडे तोंड करावयास सांगावे. चार अर्जदारांनी मिळून एकच जोडरस्ता घेतला तर चौघांचेही काम होते आणि महामार्गावरील तीन छेद वाचतात. ट्रक उभे करण्याची जागा अर्जदाराने स्वतःच्या जमिनीत दाखविलेली आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहता येते.

शाळांनाही यात करण्यासारखे काम आहे. रस्त्यांवरील वाहनांची गणना वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, दिवसरात्र करावी असा संकेत आहे: एकदा सुगीच्या हंगामात आणि एकदा मंदीच्या काळात. ही गणना बांधकाम खाते करते. परंतु रस्ता ओलांडणाऱ्या माणसांची गणना सहसा कोणी करीत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी, शिक्षकांच्या देखरेखीखाली व रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून, गावाच्या फाट्यावर सकाळी सात ते नऊ व सायंकाळी पाच ते सात या वेळांत किती माणसे, किती मुले, कोठून कोठे जातात याची नोंद आठवडाभर ठेवावी. ते तक्ते ग्रामसभेच्या ठरावास जोडून महामार्गाच्या यंत्रणेकडे धाडावेत. भुयारी मार्ग नेमका कोठे हवा हे त्या आकड्यांवरून सांगता येते, आणि रस्त्याचा आराखडा कायम होण्यापूर्वी ते पोहोचले तर जागा बदलून घेण्यास एक पैसाही अधिक लागत नाही. दिवाळीनंतर गवत वाळले की महामार्गाच्या हद्दीचे दगड पुन्हा उघडे पडतात; ते जागच्या जागी आहेत काय, हे याच सुमारास तलाठी व ग्रामसेवकांनी एकत्र फिरून पाहून घ्यावे आणि हललेल्या दगडांची यादी बांधकाम उपविभागाकडे द्यावी.